एकदाच विचारलं

नॉर्वेच्या उत्तरेकडच्या त्या गावात राहायला जाऊन चार दिवस झाले होते, तेव्हा शेजारच्या बाईंनी मला कॉफी विचारली. सत्तरीच्या असाव्यात. मी रस्त्याने चालले होते, त्या दारात उभ्या होत्या. मी हसून इंग्रजीत म्हटलं, "नको, नको, आत्ताच झाली." त्यांनी मान हलवली, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी तिथेच उभी. आता दुसऱ्यांदा विचारतील म्हणून.

आमच्या विश्रांतवाडीच्या घरात पहिलं 'नको' कुणी मनावरच घेत नसे. पाहुणा नको नको म्हणत असायचा आणि तोवर आईने चहाचं आधण ठेवलेलं असायचं. पुण्यात पाहुण्याला चहा विचारत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे येऊन जायला हवं होतं.

आई गेली. तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, आणि वर्षभराने मी हे परदेशातलं काम घेतलं. कंपनी ऑस्लोत, पण मी कुठूनही काम केलं तरी चालणार होतं. त्याआधी पाच वर्षं ऑफिस वाघोलीला होतं. रोजचे तीन तास ट्रॅफिकमध्ये घालवून डोकं फिरलेलं, म्हणून मुद्दाम नकाशावरचं सगळ्यात रिकामं गाव निवडलं. रिकामं हवं होतं, रिकामं मिळालं. "जा, माझी काळजी करू नकोस," म्हणत पप्पांनी निरोप दिला. घरात आता ते एकटेच होते.

हिवाळ्यात तिथे दुपारी दोनलाच अंधार व्हायचा. मीटिंगला सगळ्यांचे कॅमेरे बंद. दुकानातसुद्धा सामान आपणच मशीनपुढे धरायचं आणि पैसे भरून बाहेर पडायचं. पिशवी हवी का, एवढंही कुणी विचारायचं नाही. एका रविवारी लक्षात आलं, शुक्रवारपासून तोंडातून शब्द निघालेला नाही. म्हणून मी कुकरशी बोलले. "अरे, दे की शिट्टी," असं मोठ्याने म्हणाले आणि मग रडले. एकटं वाटायचं त्याचं दुःख होतंच, पण लाज जास्त वाटायची. स्वतःच्या हट्टाने आलेली मी, तक्रार कुणाकडे करणार? पप्पांना फोनवर सांगायचे, मस्त चाललंय.

फेब्रुवारीत न राहवून मीच त्या बाईंचं दार वाजवलं आणि कॉफी मिळेल का, असं सरळ विचारलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "तुम्ही नको म्हणाला होतात," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हाला एकटंच राहायचंय." चार महिने त्या कुंपणापलीकडे माझा मान राखत बसल्या होत्या!

त्यानंतर दर गुरुवारी त्यांच्याकडे कॉफी. आणि मी धडा घेतला: माणूस जे बोलतो, तेच त्याला म्हणायचं असतं. मला हे फारच आवडलं. पुण्यातल्या मैत्रिणींना फोनवर ऐकवायचे, इकडची माणसं कशी सरळ, आडपडदा म्हणून नाही. त्या बिचाऱ्या ऐकून घ्यायच्या.

पुढच्या सप्टेंबरात पप्पांनी बोलता बोलता सांगितलं, हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय.

"मी येऊ का?"

"नको गं. दोन दिवसांचं काम. सोसायटीतली माणसं आहेत. तू कशाला रजा वाया घालवतेस?"

मी म्हटलं, ठीक आहे. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. गुरुवारी शेजारच्या बाईंना हे सांगितलं, तर त्याही म्हणाल्या, तुमचे वडील समजूतदार दिसतात.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. डिसेंबरात मी पुण्याला आले. जिन्यातच समोरच्या फ्लॅटमधल्या काकू भेटल्या. "आलीस? बरं केलंस. ऑपरेशन झालं, टाकेही सुकले. आता तुला काही त्रास नाही," असं म्हणून त्या भाजी आणायला खाली उतरल्या.

पप्पांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली. सही झालेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरात असते. औषधांची चिठ्ठी शोधताना हॉस्पिटलची फाइल हाती लागली. त्यात ऑपरेशनचं संमतीपत्र होतं. नातेवाइकाच्या रकान्यात पप्पांच्या वळणदार अक्षरात, आधीच घरी बसून लिहिलेलं माझं नाव. रुग्णाशी नातं: मुलगी. दोन्हींवर एकेक रेघ मारलेली. बाजूला घाईघाईत लिहिलेलं समोरच्या काकांचं नाव. नातं: शेजारी.

मी फाइल घेऊन बाहेर आले. "पप्पा, तुम्ही नको म्हणाला होतात."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणालो होतो ना. मग?" आणि पेपर उलटला. थोड्या वेळाने म्हणाले, "किती दिवस आहेस?"

"पंधरा. पण काम इथूनही होतं. राहू का?"

"कशाला? तुझं तिकडे छान बस्तान बसलंय. माझं काही अडत नाही."

पूर्वी नुसता आवाज ऐकून मला समजलं असतं, त्यांना खरंच नको आहे की आग्रह हवाय. मी तिथेच उभी राहून ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा ऐकलं. काही केल्या कळेना, आणि विचारायला आई नव्हती.