खालाचा दिलासा

बायकांच्या मयताला अंघोळ घालायला खालालाच बोलावत. सख्खी मावशी ती कुणाचीच नव्हती, पण सगळ्यांची खाला झाली होती. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर ओतून बघायची. तान्ह्या बाळाला सोसेल इतकंच कोमट. चादरीच्या आडोशाला मेलेल्या बाईशी बोलत राहायची, "वळ गं जरा. झालंच हं."

एखादी बाळंतपणात गेलेली असली, की खाला तिच्या आईला पोटाशी धरायची. "रडू नकोस. बाळंतपणात गेलेली शहीद असते. अल्लाच्या दारी लढाईत पडलेल्यांच्या रांगेत तिला जागा." आया गप्प होत. खालाला वाटे, आपल्या शब्दानं काळीज निवतं.

मग तिची स्वतःची लेक बाळंतपणात गेली.

लेकीच्या सासरी शेजारीण खालाच्या कानाशी लागली. रक्त सकाळपासून जात होतं. गाडी दारात उभी होती. पण सासू म्हणाली, मुलगा कामावरून येऊ दे, त्याला विचारून नेऊ. मुलगा आला, तोवर विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

खालानं लेकीला अंघोळ घातली. त्या दिवशी ती बोलली नाही. कापसाचे बोळे बदलत राहिली.

बाहेर विहीण बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. "रडू नका, विहीणबाई. बाळंतपणात गेलेली शहीद असते, तुम्हीच सांगता ना सगळ्यांना? नशीब काढलं पोरीनं. आता जनाजा उचलायच्या आधी, आमचं काही चुकलं असेल तर माफ केलं म्हणा. चार बायका ऐकताहेत."

तेच वाक्य. खालाला त्या सगळ्या आया आठवल्या. त्यांचं काळीज निवलं नव्हतं. नुसतं तोंड बंद झालं होतं.

"शहीद आहेच ती," खाला म्हणाली. "तो मान तिचा. तुम्ही कशाला त्याच्या सावलीत बसता? शहीद म्हणजे साक्षीदारसुद्धा. बोलू दे तिला वर."

"म्हणजे माफ नाही केलं?"

"माफी तिच्याकडं मागायची होती. दिवसभर घरातच होती की."

विहिणीनं बाळ ओढणीआड घेतलं. "मग नातवाला बघायला कुठल्या तोंडानं याल?"

खालानं बाळाच्या उघड्या राहिलेल्या तळपायाकडं पाहिलं. मग ती आत लेकीपाशी गेली.

नातू आता चालतो म्हणे. खाला अजून मनगटावर पाणी ओतून बघते. पण बाळंतपणात गेलेलीच्या आईला आता ती एवढंच विचारते, "दवाखान्यात न्यायला उशीर कुणी केला?"

अलीकडं लोक दुसरीलाच बोलावतात.