वलीचाचा गप्प राहिले तो डाव

रोज सकाळी साडेसहाला इमारतीचा जिना उतरताना वली परकार एक लवंग दाढेखाली धरत. खतीजाचाची म्हणत, "पहिला तासभर कुणाशी बोलायला नको म्हणून बहाणा आहे हा." ते नुसते हसत.

वलीचाचा मूळचे आंजर्ल्याचे. शारजातल्या एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये एकोणीस वर्षं असिस्टंट. कॉलेजने बेसबॉलचा संघ काढला तेव्हा स्कोअर लिहायला कुणी तयार होईना. चाचांनी नियमांचं पुस्तक दोनदा वाचलं आणि टेबलाशी जाऊन बसले. मुलं सगळी क्रिकेटवर वाढलेली. पहिल्या मोसमात एकही सामना जिंकली नाहीत, दुसऱ्यात पाचांपैकी एक. सहाव्या सामन्याआधी क्रीडा विभागाने सांगून टाकलं: हाही हरलात तर संघ बंद.

समोर अल ऐनचं कॉलेज. मार्चमधली दुपार, शेवटचा डाव. आपण एका धावेने मागे, दोघे बाद, तिसरा गेला की डाव संपला; दोघे बेसवर, धावेच्या अर्ध्या वाटेत. एक चांगला फटका बसला तर दोघेही परत येतील, दोन धावा, सामना खिशात. पाळी अंशची होती. कोच तापाने घरी, त्यामुळे सगळं कर्णधार सुयशच बघत होता. त्याने अंशला खाली बसवलं आणि त्याच्या मागे येणाऱ्या सिद्धांतला पाठवलं. सिद्धांत हाणणारा. क्रिकेटमध्ये असा माणूस वर पाठवतातच.

बेसबॉलमध्ये क्रम आधी लिहून द्यावा लागतो आणि तो मोडता येत नाही. चुकीच्या माणसाची पाळी संपायच्या आत हे लक्षात आलं, तर योग्य माणूस येऊन उभा राहतो, नुकसान काही नाही. फटका बसल्यावर समोरच्यांनी हरकत घेतली, तर ज्याची पाळी चुकली तो बाद. आणि स्कोअररला दिसलं तरी त्याने कुणालाही सांगायचं नसतं.

चाचांना दिसलं. त्यांची पेन्सिल अंशच्या रकान्यावर थांबली.

आपल्या मुलांचा बाक दहा पावलांवर होता. पाण्याची बाटली भरायला उठले असते तरी पुरलं असतं. पहिला चेंडू पडला. सिद्धांतने सोडला. दुसरा त्याने हुकवला. सुयश बाकावर उभा राहून ओरडत होता, "यल्ला सिद्धांत! फिनिश इट!" गेल्या वर्षी दुबईच्या संघाने हीच चूक केली होती. तेव्हाही चाचांना दिसलं होतं, तेव्हाही ते बोलले नव्हते; आपल्या मुलांनी हरकत घेतलीच नाही आणि ती हरली होती. ते त्यांनी घरी एकट्या खतीजाचाचींना सांगितलं होतं.

तिसरा चेंडू सिद्धांतने लांब कुंपणापर्यंत धाडला. दोघे धावत परत आले. मुलं एकमेकांच्या अंगावर पडली. अल ऐनचे खेळाडू मान खाली घालून बाहेर निघाले. ते मैदानाबाहेर गेले की हरकतीची वेळ संपणार होती. पहिला खेळाडू रेषेपाशी पोचला, तेवढ्यात त्यांच्या कोचने हात वर करून सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं. बोटांवर काहीतरी मोजलं आणि तो अंपायरकडे चालत गेला.

अंपायरने यादी मागितली. चाचांनी कागद पुढे केला. अंश बाद. दोन्ही धावा रद्द. सामना संपला.

सुयश टेबलाशी आला. "अंकल, यू न्यू?"

"हो."

"एक शब्द! वी आर युअर टीम!"

"टेबलावर बसलो की माझी टीम नसते, बाबा."

"मग बसा टेबलावरच," सुयश म्हणाला आणि निघून गेला.

घरी खतीजाचाचींनी ताट वाढता वाढता विचारलं, "पोरांसाठी एकदा जीभ हलवली असती तर झडली असती का?"

"मागच्या वेळी दुबईवाल्यांसाठीही हलवली नव्हती."

"ते परके होते."

चाचा जेवले नाहीत.

एप्रिलमध्ये संघ बंद झाला. सुयश दोन महिने लॅबमध्ये आला तरी त्यांच्याकडे बघत नसे. जूनमध्ये सामान स्टोअरमध्ये ठेवायची वेळ आली. चावी चाचांकडे होती, म्हणून त्याला यावंच लागलं. दोघांनी बॅटी मोजल्या, हातमोजे खोक्यात भरले. शेवटी सुयशने खोकं उचलून खिडकीखाली ठेवलं. त्याच सुट्टीत चाचा गावी गेले आणि तिथेच वारले. त्यामुळे त्या दिवशी दाराशी उभं राहून ते म्हणाले, तेच त्याने ऐकलेलं शेवटचं:

"तिथे नको, ऊन येतं. चामडं तडकेल. आत सरकव."