सरांनी मोजलेली झाडं

रऊफ सरांची आणि माझी पहिली भेट यवतमाळच्या एका दवाखान्यातल्या बाकावर झाली. माझी सात वर्षांची मुलगी मांडीवर धापा टाकत होती. शेजारी बसलेल्या या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांनी औषधाची चौकशी केलीच नाही. "ताई, पोरीच्या शाळेच्या दारात कोन्तं झाड हाय?" एवढंच विचारलं. मला त्यांचा रागच आला.

कापसाच्या त्या वाईट वर्षांत कुणाला दम लागला की जिनिंगच्या तुसाकडे नाहीतर फवारणीकडे बोट दाखवून सगळे मोकळे होत. सर म्हणत, तेही खरंच; पण माघ-फाल्गुनात काही झाडांचे परागही छातीत जातात, आणि कोणतं झाड कुठं आहे हेच शहराला ठाऊक नाही. म्हणून त्यांनी रस्त्याकडेचं झाड न् झाड वहीत उतरवायला घेतलं. जात, घेर, फुलोऱ्याचा महिना, शिवाय आसपास कुठल्या घरात दमेकरी आहे तेही. संध्याकाळी टेपचं दुसरं टोक मी धरत असे. एका सरकारी कार्यालयात साहेबांनी सुनावलं, "इथं मानसं मरून राह्यली अन् तुमी झाडं मोजता?" सर शांतपणे म्हणाले, "मेलेल्याईची नोंद तरी व्हते, साहेब. धापा टाकनाऱ्याईची कोन करते?" साहेबांनी फाईल मिटली.

त्रासदायक झाडांवर सरांनी गेरूचा ठिपका लावला. ही जात पुन्हा लावू नका, हळूहळू बदला, एवढाच त्याचा अर्थ. मुलीच्या शाळेच्या दारातल्या जुन्या वावळ्याच्या झाडावरही तो लागला. आठ दिवसांत तिथं हळदकुंकू आणि नारळ, महिन्याभरात सिमेंटचा ओटा! "घ्या, म्या मुसलमानानंच देव बसवला," म्हणत सर खोकला येईपर्यंत हसले. त्या झाडाला हात लावायचं नाव मग कुणी काढलं नाही. शेवटी सरांनीच मुख्याध्यापिकांना गळ घालून शाळेचं मागचं दार उघडून घेतलं, आणि वावळ्याचा फुलोरा असेपर्यंत माझ्या मुलीला रोज सायकलवरून लांबच्या रस्त्यानं तिथं सोडलं. असं त्यांनी तीन वर्षं केलं.

त्या वह्या शेवटी त्याच कार्यालयात जमा झाल्या. आज त्या गठ्ठ्यात आहेत की रद्दीत गेल्या, कुणी सांगत नाही. नव्या वसाहतीत सरांच्या त्रासदायक झाडांच्या यादीतलीच सातवीण रांगेनं लागली आहे. लवकर वाढते, गुरं खात नाहीत. काही बदलेल अशी आशा मला उरलेली नाही. गौरवग्रंथात असं लिहू नये, पण सरांबद्दल लिहिताना खोटं लिहिणं जमत नाही.

माझी मुलगी आता महागावला शिक्षिका आहे आणि मोकळा श्वास घेते. फुललेल्या झाडांखाली वर्षानुवर्षं उभं राहून दमा जडला तो सरांना. शहर सोडा म्हटलं, तर म्हणतात, "उरलेली झाडं कोन मोजन?"

पंचाहत्तरीला शतायुषी व्हा म्हणायची रीत आहे. मी एवढंच मागते, की येत्या माघात सरांना रात्र उशांना टेकून बसून काढावी लागू नये. त्यांना आडवं होऊन झोपता यावं.