हद्दीबाहेरचे हवालदार

कतारच्या दोह्यात गुन्हे फारसे होत नाहीत याचं खरंखुरं दुःख झालेला एकच माणूस मी पाहिला आहे, आणि ते म्हणजे माझे सासरे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्यात उभी हयात हवालदारकी करून ते निवृत्त झाले आणि पाच वर्षं माझ्या बायकोने विनवण्या केल्यावर गेल्या हिवाळ्यात एकदाचे तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. फरीज बिन ओमरानमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकताच लेकीने पाणी पुढे केलं, तर ते न पिता त्यांनी आधी बाल्कनी, मग मागचा जिना आणि मग गच्चीचं कुलूप पाहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपली हद्द आखली. कोपऱ्यावरची बेकरी, मशीद, इस्त्रीवाला आणि परत, अशा दिवसातून चार फेऱ्या. मधल्या वेळात घरात बसले तरी त्यांचा गुडघा हलत राहायचा, आणि तो पाहून थोड्या वेळाने माझाही हलायला लागायचा.

तालुक्याचं पोलीस ठाणं कसं चालतं हे मला त्यांच्यामुळे कळलं. त्यांची चौकी ठाण्यापासून लांब होती. बावीस गावं, एक मोटारसायकल आणि हाताखाली एक शिपाई. यात्रेचा बंदोबस्त, बांधावरची भांडणं, हरवलेल्या म्हशी, कोर्टाची समन्स, सगळं एवढ्यातच भागवायचं. "चोर धरायचं काम वरच्या सायबांचं," ते सांगायचे. "आमचं काम मानसं वळखीची ठेवायची. कोन नवा आला, कोन दिसंना झाला." त्यामुळे भेटेल त्याला त्यांचा पहिला प्रश्न, "गाव कुठलं?" मग समोरचा नेपाळी असो की अफगाण. इस्त्रीवाल्याला मी सहा वर्षं कपडे देतोय, पण त्याच्या गावात अजून रस्ता नाही आणि त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरतंय, हे मला सासऱ्यांकडून कळलं. त्यांना ते आठवड्यात कळलं होतं.

पण ते आले ते काही इस्त्रीवाल्यासाठी नाही, आणि आमच्यासाठी तर मुळीच नाही. चौथ्या दिवशी बायको त्यांची बॅग आवरत होती, तेव्हा एका पाकिटातून एक पासपोर्ट साइझ फोटो निघाला. त्यांच्या हद्दीतला एक वेल्डर नऊ वर्षांपूर्वी कतारला आला. सुरुवातीला त्याचे फोन यायचे, मग बंद झाले. त्याची आई दर बाजारच्या दिवशी चौकीत येऊन बसायची. सासरे निवृत्त झाले तशी ती त्यांच्या घरच्या ओट्यावर बसायला लागली. "कायबी इचारत न्हाई," सासरे म्हणाले, "नुसती बसती. त्यापरीस शिव्या दिल्या तर बरं." बायकोने फोटो परत पाकिटात ठेवला. पाच वर्षांच्या विनवण्यांनी जे झालं नाही ते एका म्हातारीच्या बसण्याने झालं, हे तिला कळलं.

त्या वेल्डरचा शोध चालू असताना हात रिकामे नकोत म्हणून त्यांनी आमच्या गाडीवरच्या ओरखड्याचा तपास हाती घेतला. इमारतीचं पार्किंग तळघरात. तिथे त्यांनी मला आणि शेजारच्या, वसईच्या, हॉस्पिटलात नर्स असणाऱ्या बाईंना पंच म्हणून उभं केलं. बाई ड्युटीवरून आल्या होत्या, पण पंचांनी मधेच जायचं नसतं असं सांगितल्यावर बिचाऱ्या पर्स सांभाळत थांबल्या. बायकोच्या शिवणाच्या टेपने जमिनीपासून ओरखड्यापर्यंत अंतर मोजलं गेलं, खांबावरच्या पिवळ्या रंगाचा कपचा कागदात बांधला गेला, आणि पंचनाम्यातून असं निष्पन्न झालं की गाडी मीच घासली होती. त्यांनी माझा जबाबही लिहून घेतला. सही करताना बाई मला म्हणाल्या, "तुमी कबूल होऊन टाका ना, मला जेवायचं हाय."

खरा घाम फुटला तो पुढच्या आठवड्यात. मी मेसईदला खतांच्या कारखान्यात, ऑफिसात होतो. बायकोचा फोन आला की अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, पोलिसांनी थांबवलंय. हद्दीत उभ्या असलेल्या गाड्यांचे नंबर ते वहीत उतरवून घेत होते. कंपनीची बस संध्याकाळशिवाय निघत नाही, म्हणून मी टॅक्सी केली. वाटेतल्या तासाभरात माझी नोकरी गेली, व्हिसा गेला आणि आम्ही तिघं सामानासकट विमानात बसलो, एवढं सगळं मनात होऊन गेलं. पोचलो तर सासरे गस्तीच्या गाडीच्या सावलीत, हातात ताकाची बाटली घेऊन, दोन पोलिसांना आपल्या बावीस गावांचा नकाशा काढून दाखवत होते. एका पोलिसाला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. त्याने मला बाजूला घेऊन नम्रपणे सांगितलं की बाबांनी नंबर लिहू नयेत, आणि माणूस शोधायचा तर वकिलातीत अर्ज द्यावा. सासऱ्यांनी त्याला कडक सॅल्यूट ठोकला. घरी येताना मी रागात होतो. ते मात्र खुशीत होते. "पोरगं कामाचं हाय," म्हणाले. "वही बघितली, पन फाडली न्हाई."

अर्ज दिला. उत्तर यायला वेळ लागणार होता, आणि यांना दम कुठला. दर शुक्रवारी मेसईदच्या बसमधून कामगार दोह्यात बाजाराला उतरतात, त्या थांब्यावर ते फोटो घेऊन उभे राहायचे. तिसऱ्या शुक्रवारी जतकडच्या एका फिटरने फोटो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "ह्यो आमच्याच कॅम्पात हाय की. पन आता केस पांढरं झाल्यात."

मीच गाडी काढून सासऱ्यांना त्या कामगार वसाहतीत घेऊन गेलो. तो वेल्डर खोलीत कपडे वाळत घालत होता. फोटोतला माणूस भरल्या अंगाचा होता, हा पार वाळला होता. सासऱ्यांना पाहून त्याने हातातला शर्ट खाली ठेवला. हवालदार आरडाओरडा करणार असं मला वाटलं होतं. ते त्याच्या खाटेवर बसले आणि म्हणाले, "सांग." सांगण्यासारखं फार नव्हतंच. एजंटाने फसवलं, पहिली दोन वर्षं हाताला नीट काम नव्हतं, घरी काय सांगायचं म्हणून फोन करणं बंद केलं. "मग काम लागलं," तो म्हणाला, "पन तवर फोन करायला तोंडच ऱ्हायलं न्हाई." सासऱ्यांनी त्याचा जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला, सही घेतली. मी माझा मोबाइल पुढे केला, आत्ताच आईशी बोल म्हणून. त्याने नको म्हणून मान हलवली, आणि सासऱ्यांनीही माझा हात मागे सारला. "अशी खबर फोनवर देत न्हाईत, जावईबापू. दारात जायचं, बसायचं, पानी प्यायचं, मग सांगायचं."

त्यांनी तिकीट बदलून घेतलं. मुक्कामाचा अजून दीड महिना राहिला होता. विमानतळावर बायको एवढंच म्हणाली, "मीच हरवले असते तर बरं झालं असतं." मला सासऱ्यांचा राग आला होता, आणि तरीही, तिकडे ओट्यावर ती म्हातारी बसलेली असताना, त्यांना आणखी एक दिवसही थांबवावं असं वाटत नव्हतं.

चार दिवसांनी सासऱ्यांचा फोन आला. बायकोने स्पीकर लावला. म्हातारी रडली नाही, म्हणाले. तिने एकच विचारलं, वाळलाय का?

"मग काय सांगितलंत?" मी विचारलं.

"म्हनलं, चांगला भरलाय अंगानं." मग लगेच पुढे म्हणाले, "लिहून कधी खोटं दिलं न्हाई मी. ह्ये तोंडी हुतं."

बायको हसली. मी पहाटे पाचच्या बसला जातो आणि अंधार पडल्यावर येतो. मधला सगळा दिवस ती त्या फ्लॅटमध्ये एकटी काढते, हे त्या चार फेऱ्यांच्या मधल्या वेळात त्यांनी पाहिलं असणार, असं माझ्या तेव्हा ध्यानात आलं नव्हतं. तिने सहज विचारलं, "आणि अण्णा, माझं गावात विचारतात तेव्हा काय सांगता?"

"तुझं व्हय?" ते म्हणाले. "सांगतो की, मजेत हाय."