त्या तिघांचं जाझ आणि आमच्या जिवाला घोर

किस्से जमायला माणूस धाडसी असावा लागतो, असं म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. धाडसी माणूस काम करून मोकळा होतो, विषय संपतो. घाबरट माणसाचं तसं नसतं. त्याला साधा कप उचलायचा म्हटलं तरी त्यातून काहीतरी घडतं. आम्ही तर तिघं, आणि तिघंही नसता घोर लावून घेणारे. सेलूत कापडाचं दुकान असलेले प्रभाकरभाऊ, सिंदीकडे शेती करणारा आणि भजनात तबला वाजवणारा गजू, आणि औषधांच्या दुकानात जन्म काढलेला मी. मग किस्से साचणार नाहीत तर काय!

भाऊंच्या पुतण्यानं पुण्याहून येताना एक सीडी आणली. परदेशातलं जाझ. एक पियानो, एक ड्रम आणि माणसाहून उंच असं एक व्हायोलिन, ज्याला बास म्हणतात. वाजवणारे एवढेच तिघं. कुठल्याशा छोट्या हॉटेलात, लोक समोर खातपीत बसलेले असताना वाजवलेलं आणि तसंच्या तसं रेकॉर्ड केलेलं. त्यांची नावं आम्हाला उच्चारता येईनात, म्हणून पियानोवाला, बासवाला आणि ड्रमवाला. दुकान बंद असतं त्या दुपारी भाऊंच्या माडीवर आम्ही तीच सीडी ऐकतो. दुसरी आणायचा विषय निघाला होता. पण ती आवडली नाही तर काय, या भीतीनं राहून गेला.

* * *

पहिल्या दिवशी गजू मांडीवर थाप मारायला हात उचलून बसला. तबलजी माणूस, सम आल्याशिवाय हात खाली कसा आणणार? सम येतेय असं वाटायचं, आणि ड्रमवाला नेमका तिथं गप्प बसून पुढे निघून जायचा. गजूच्या कपाळावर घाम आला. त्याच्याकडे बघून भाऊ अस्वस्थ, दोघांकडे बघून मी.

भाऊंच्या पत्नी शोभावहिनी चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. "काऊन असे बसले सगळे? कोणाचा फोन आला का?"

"सम सापडून नाई राह्यली, वहिनी," गजू म्हणाला.

"वाजवणाऱ्यायले सापडली ना? मंग तुमाले कायचा घोर?" असं म्हणून त्यांनी त्याच्या उचललेल्या हातात कप दिला.

* * *

तिसऱ्या गाण्यात बासवाला एकटाच वाजवत असताना हॉटेलात कुणाच्या तरी हातून ग्लास पडून फुटतो. रेकॉर्डिंगमध्ये तो आवाज इतका स्वच्छ आहे की पहिल्यांदा आम्ही तिघंही उठून स्वयंपाकघराकडे धावलो.

वहिनी भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माह्या हातून काई पडत नाई. तुमच्या त्या हॉटेलात पाहा."

तेव्हापासून ती जागा जवळ आली की गजू आपला कप दोन्ही हातांनी घट्ट धरून बसतो. ग्लास फुटला की सुटकेचा श्वास टाकतो आणि मग चहा पितो. तोवर चहा पार गार झालेला असतो.

* * *

मला मात्र छळलं ते खोकल्यानं. चौथं गाणं अगदी संथ आहे. पियानोवाला एक सूर वाजवतो, थांबतो, दुसरा वाजवावा की नाही अशा विचारात पडतो आणि मग घाबरत घाबरत वाजवतोच. मला तो माणूस त्या गाण्यामुळे फार जवळचा वाटतो. आमच्यासारखाच आहे, फक्त शेवटी वाजवतो.

तर या गाण्यात, नेमक्या शांततेत, समोरचं कुणीतरी खोकतं. कोरडा, खोलवरून आलेला खोकला. मी आयुष्यभर काउंटरच्या पलीकडचे खोकले ऐकलेले आहेत. मी म्हणालो, "हा खोकला बरा नाही."

"याले सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवलं पाह्यजे," गजू म्हणाला.

पुढच्या गाण्यातही तो खोकला. शेवटच्या गाण्यात मात्र काहीच नाही. टाळ्या संपल्या, सीडी थांबली, तरी आम्ही खोकल्याची वाट बघत बसलो.

"घरी गेला असंन," शेवटी भाऊ म्हणाले. "थंडीत काऊन बसून राहीन तो?"

बरं वाटलं. पण त्या रात्री माझी झोप काही धड झाली नाही.

* * *

बासवाला एकटा वाजवतो तेव्हा बाकीचे दोघं हात काढून घेतात. गजूची खात्री होती की यांचं वाजवता वाजवता भांडण झालं. भजनात पेटीवाल्यानं हात काढला म्हणजे तो रुसला, हे त्याचं ज्ञान. "आता सीडी अर्धीच राह्यते का काय," म्हणून तो काळजीत.

भाऊंनी त्याला पुन्हा ऐकायला लावलं. बासच्या मागे, कान दिला तरच कळेल असा, कुणीतरी हळूच "हं" म्हणतो.

"पाह्य, ते रुसले नाई. ऐकून राह्यले," भाऊ म्हणाले. "एक जण बोलते आन् दोघं ऐकतात. आपल्या घरात कधी झालं का असं?"

त्यावर आम्ही दोघं एकदम बोलायला लागलो.

* * *

आता जरा नीट बसून सांगतो. भाऊंच्या डाव्या कानात गुणगुण सुरू झाली. आधी त्यांना वाटलं सीडी खराब झाली. मग सीडी बंद असतानाही गुणगुण राहिली, तसे आम्ही घाबरलो, आणि या वेळी घाबरण्यासारखं खरोखर होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कानाच्या नसेवर गाठ आहे. साधी आहे, पण काढावी लागेल. जिवाची चिंता नको, मात्र डाव्या कानानं ऐकू येणं बहुतेक जाईल.

वहिनींनी पदर तोंडाला लावला.

"डॉक्टरसाहेब, तुमी म्हणता ते ठीक हाय," भाऊ म्हणाले. "पण पियानोवाला डाव्या बाजूलेच बसते."

डॉक्टरांनी वहिनींकडे पाहिलं. मला पुढे होऊन सांगावं लागलं की डोक्यावर काही परिणाम झालेला नाही. पुतण्यानं दिलेला हेडफोन लावून ऐकलं की त्या सीडीत पियानो डाव्या कानात वाजतो, ड्रम उजव्या कानात, आणि बास दोन्हीकडे. डॉक्टर हसले नाहीत. "बघू," एवढंच म्हणाले. तो शब्द मला फार आवडला नाही.

* * *

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही बाहेरच्या बाकावर. मी उगाच वहिनींना धीर देत होतो. गजूची बोटं बाकाच्या पत्र्यावर वाजायला लागली. हळूहळू वाजवता वाजवता तो तिसऱ्या गाण्यावर आला, हे मला कळलं.

सिस्टर बाहेर आली. "काका, हा दवाखाना आहे. बंद करा ते."

गजूनं हात मांडीखाली दाबून धरले. तेवढ्यात वहिनी बोलल्या. आमचं ते गाणं म्हणजे नुसता खडखडाट, असं त्या आजवर म्हणत आलेल्या.

"हळू वाजवू द्या त्यायले, ताई," त्या म्हणाल्या. "अजून ग्लास फुटाचा हाय."

* * *

गाठ निघाली. डावा कान गेला. भाऊ घरी आले, चालायला लागले, दुकानात बसायला लागले, पण सीडीचं नाव काढीनात. आम्हीही काढलं नाही. दुपारी माडीवर बसून कापसाचं, पावसाचं बोलायचो आणि चहा गरम असतानाच पिऊन टाकायचो. असं वाईट कधी वाटलं नव्हतं.

एक दिवस त्यांनी स्वतःच सीडी लावली. स्पीकर नको म्हणाले. हेडफोन घेतला आणि कानांवर चढवला. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं, आम्ही नुसते त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. वहिनी दारात येऊन उभ्या. पहिलं गाणं गेलं असेल, दुसरं गेलं असेल. त्यांचा चेहरा उतरत चालला. गजूनं माझा हात धरला.

भाऊंनी हेडफोन काढला. हातात घेऊन त्याकडे बघत राहिले. मग तो उलटा फिरवला, डावीकडची बाजू उजव्या कानावर घेतली आणि डोळे मिटले.

कानांवर हेडफोन असलेली माणसं बोलतात तसं ते मोठ्यानं, माडी भरून बोलले.

"आज पियानोवाला आला हाय. ड्रमवाल्याले सांगा, उद्या येजो म्हणा."