लिंबावर अडलेली गाडी

अमरावतीत आमच्या शेजारचे काका सहा वर्षांपासून अंगणात एक जुनी, दोन दारांची स्पोर्ट्स कार दुरुस्त करताहेत. पैसे बेताचे, म्हणून घरातलंच सामान गाडीत जातं. सीटमध्ये गादीचा कापूस आहे आणि रेडिएटरला कूलरचा पंप.

मे महिन्यात काकू पदरानं वारा घेत विचारतात, "अवो, कूलर काहून बंद हाये?"

"इंजिनाले तुह्यापेक्षा जास्त गर्मी होते वं!"

गेल्या रविवारी गाडी एकदाची सुरू झाली. सगळी गल्ली जमली. काकूंनी नारळ फोडला, चारही चाकांपुढे लिंबं ठेवली. काका गॉगल लावून बसले. इंजिन गरजलं, धूर निघाला, गाडी लिंबांना टेकली आणि तिथंच थांबली. एकही लिंबू फुटलं नाही.

काका उतरले. एक लिंबू दाबून पाहिलं.

"गाडीत दम हाये. लिंबंच कच्ची देल्ली त्या लिंबूवाल्यानं."

गॉगल काढला तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. धुरानं असतील.

येत्या रविवारी पुन्हा पूजा आहे. लिंबं मीच आणतो, असं काकांना सांगून ठेवलंय. चारही आधीच पिळून नेणार आहे.