राणीच्या काळातल्या कुंड्या

सिडनीजवळच्या पॅरामॅटातल्या माझ्या ऑफिसात दर सप्टेंबरला कोणीतरी जुन्या बागांच्या टूरची इमेल फिरवतं. उन्हाची टोपी आणावी, स्कोन आणि चहा मिळेल, शिवाय व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या वनस्पतिप्रेमींवर एक भाषण. मी ती न उघडता डिलीट करते. शेजारच्या डेस्कवरची विचारते, "तुला झाडं आवडत नाहीत का?" आवडतात की. माझ्या बाल्कनीत पुदिना, मिरच्या आणि कढीपत्ता आहे. तिन्ही पोटात जातात. माझं वाकडं आहे ते झाडांवर प्रेम करणाऱ्या माणसांशी.

त्या राणीच्या काळात सभ्य लोक नेच्यांच्या पायी वेडे झाले होते, हे मला ॲडलेडला शिकताना कळलं. नेचा आपल्याकडे घाटात, विहिरीच्या आतल्या भिंतीवर पावसाळ्यात आपला आपण उगवतो. ना फूल, ना फळ, ना भाजी. या लोकांनी त्याची पानं कपबशांवर रंगवली, पडद्यांवर भरली, थडग्यांवर कोरली. आणि डोंगरातल्या ओढ्यांकाठचे नेचे मुळासकट उपटून पोत्यांनी घरी नेले. ओढ्याकाठी उघडी माती उरली, आणि जिथे नेचा जगणं कठीण तिथे त्याच्यासाठी खास घर बांधलं गेलं. याला त्यांनी वनस्पतिशास्त्राची आवड असं नाव दिलं.

तेव्हा भारतातून विद्यार्थ्यांची विमानंच्या विमानं भरून येत होती. ॲडलेडच्या मॉसन लेक्स भागात युनिव्हर्सिटीजवळ एका छोट्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघी राहत होतो. मी आयटीत मास्टर्स करत होते. ठाणेकर अकाउंटिंग शिकायची आणि एका इंडियन रेस्टॉरंटच्या किचनमध्ये कामाला जायची. आमच्यातली एकमेव गाडी तिची, जुनी कॅमरी. तिसरी नाशिककर. ती बी. कॉम. करून आलेली, पण एजंटने तिला बागकामाच्या डिप्लोमाला घातलं होतं, कारण त्यावर पुढे पी. आर., म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळायची आशा होती. डिप्लोमासोबत ठरलेले तास बिनपगारी काम करायचं आणि जिथे केलं तिथल्या माणसाची सही आणायची. सही नाही तर पी. आर. नाही. तिच्या वडिलांनी द्राक्षबागेचा एक तुकडा विकून तिला पाठवलं होतं. त्यामुळे त्या सहीवर काय अवलंबून आहे हे आम्हा तिघींनाही न बोलता माहीत होतं.

तिला काम मिळालं ते टेकड्यांच्या पायथ्याशी एका जुन्या बंगल्यात. बंगला एक समिती सांभाळायची. समिती म्हणजे रिटायर्ड मंडळी आणि त्यांच्या अध्यक्षबाई. बाईंना सगळे नावाने हाक मारत. नाशिककरच्या तोंडून आईच्या वयाच्या बाईचं नाव निघेना, म्हणून ती "मॅडम" म्हणायची, आणि बाईंना ते फार आवडायचं. बंगल्यामागे राणीच्या काळातलं नेच्यांचं घर होतं. काटक्यांच्या भिंती, काटक्यांचं छप्पर, आत दगडी फळ्यांवर मातीच्या कुंड्या.

छप्पर इतकं विरळ झालं होतं की आत ऊन थेट यायचं. नाशिककर पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "मॅडम, वरून शेडनेट टाकू. आमच्याकडे सगळे टाकतात."

"प्लॅस्टिक? लव्ह, राणीच्या काळात प्लॅस्टिक नव्हतं."

राणीच्या काळात एसीही नव्हता. तो समितीच्या चहाच्या खोलीत होता, आणि चांगला मोठा होता.

त्या वर्षी दुष्काळ. पाइपने पाणी घालायला बंदी. नाशिककर बादल्यांनी घालायची. जानेवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, समिती समुद्रकाठच्या घरांत सुट्टीला गेली आणि किल्ली हिच्याकडे देऊन गेली. मग उन्हाची लाट आली. रस्त्यावर आलं की डोळे कोरडे पडत. झाडांवर राहणारे पोसम नावाचे प्राणी उन्हाने खाली पडायला लागले. तिसऱ्या दिवशी नाशिककर घरी आली ती रडवेली होऊन. सकाळी पाणी घातलेले नेचे दुपारपर्यंत चुरगळले होते.

"बाईंना फोन कर," मी म्हटलं.

"केला. उचलत नाहीत."

"मग मेले तर तुझा काय दोष?"

"माझ्याकडे किल्ली आहे गं!"

ठाणेकर म्हणाली, "रडू नकोस बाई. कुंड्या इकडे आणू. गाडीचा एसी एवढा एकच धड चालतोय."

तीन खेपा झाल्या. कुंड्या दिसायच्या त्यापेक्षा जड होत्या. बाथटब भरला, वॉशबेसिनच्या दोन्ही बाजू भरल्या, कमोडच्या टाकीवरही एक बसली. आमच्या आंघोळीचं वेळापत्रक मी केलं होतं आणि ते आजवर कोणी मोडलं नव्हतं. ते त्या दिवशी कोलमडलं. एका पायावर उभं राहून, बादलीतून, भिंतीला टेकून आंघोळ. "नीट बघून पाणी घे, तुझा शांपू त्याच्यात जाईल," असं नाशिककर दाराबाहेरून ओरडायची. पण नेचे उभे राहिले. आमच्या आंघोळींच्या वाफेत त्यांनी नवे कोंब काढले, हे मला मान्य करायला हवं.

समिती परत आली. बाईंनी रिकाम्या फळ्या पाहिल्या आणि नाशिककरला सांगितलं की तिने विश्वासघात केलाय आणि सही मिळणार नाही. कॉलेज दुसरी मुलगी पाठवेल. कॉलेजकडे पुष्कळ आहेत.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. ती बोलणार नव्हती, आणि मला बोलल्याशिवाय राहवत नाही. बाई चहाच्या खोलीत गारव्यात बसल्या होत्या.

"हिने नेले नसते तर सगळे नेचे मेले असते," मी म्हटलं.

"मेले असते तर मेले असते. पूर्वीही उन्हाळ्यात मरायचे. माळी डोंगरात जायचा आणि नवे भरून आणायचा. आता नर्सरीतून आणतो. नेच्यांचं काय एवढं? कुंड्या, माय डिअर! त्या कुंड्या राणीच्या काळातल्या आहेत. तळाला कुंभाराचा शिक्का आहे. प्रत्येकीची जागा नकाशात ठरलेली आहे. शनिवारी फोटोग्राफर येतोय, आणि त्या तुम्ही..." त्यांना शब्द सापडेना. "कुठे ठेवल्यात?"

"बाथरूममध्ये."

त्यांनी डोळे मिटले.

मी फॉर्म टेबलावर ठेवला. "हिने केलेले तास यात आहेत. रोज तुमच्याच माणसाने टिक केलेत. तुम्ही सही करा. कुंड्या शुक्रवारी जागेवर असतील."

"हे ब्लॅकमेल आहे."

"वेळापत्रक आहे. न झालेल्या तासांची सही मी मागत नाहीये."

"आधी कुंड्या. एकही टवका उडालेला चालणार नाही."

"चालेल. कुंड्या आधी."

बसमध्ये नाशिककर खिडकीबाहेर बघत बसली. मला वाटलं घाबरली असेल. मॉसन लेक्स आलं तेव्हा म्हणाली, "त्यांनी कुंड्याच मागितल्या ना? तू ऐकलंस ना?"

"ऐकलं. मग?"

"मग काही नाही."

ठाणेकरने रेस्टॉरंटमधून दह्याच्या रिकाम्या पांढऱ्या बादल्या आणल्या, गाडीच्या डिकीत मावतील तितक्या. नाशिककरने त्यांच्या बुडाला सुरीने भोकं पाडली. मग बाथरूमच्या फरशीवर बसून एकेक नेचा मातीच्या गोळ्यासकट अलगद बाहेर काढला आणि बादलीत लावला. मी तिला स्पष्ट सांगितलं, हा शुद्ध मूर्खपणा आहे. बाई भडकतील, सही जाईल, आणि ती कशासाठी, तर फूल न येणाऱ्या पाल्यासाठी.

"त्या उन्हात मी यांना परत नेऊन ठेवणार नाही," ती म्हणाली. "ब्रश दे तो. कुंड्या घासायच्यात."

घासायला मी बसले. काम करायचं तर नीट करावं.

शुक्रवारी आम्ही कुंड्या नेल्या. धुतलेल्या, कोरड्या, रिकाम्या. नकाशा बघून मी एकेक जागेवर ठेवली. नाशिककर दाराशी उभी होती. आता बाई नेच्यांचं विचारतील आणि दोन वर्षं पाण्यात जातील, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. बाई आल्या. हातमोजे घालून त्यांनी पहिली कुंडी उचलली, उलटी केली, तळाचा शिक्का पाहिला. दुसरी पाहिली. कडांवरून बोट फिरवलं. असं शेवटच्या फळीपर्यंत गेल्या. मग हातमोजा काढला, माझ्याकडून पेन घेतलं आणि भिंतीला फॉर्म टेकवून सही केली.

"इतक्या स्वच्छ मी त्या कधी पाहिल्या नव्हत्या," त्या म्हणाल्या.

आणि फोटोग्राफरला फोन करायला आत गेल्या. नेचे कुठे आहेत, हे त्यांनी विचारलं नाही.